परगावी घरचा उंबरठा

वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा घेऊन प्रवासास निघण्याचे दिवस केव्हाच सरले. आता सामान भरताना घरातील प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, "चार्जर घेतला का?" आणि मुक्कामी पोहोचल्यावर, हातपाय धुण्याच्याही आधी, दुसरा प्रश्न असतो, "इथल्या वायफायचा पासवर्ड काय?" हा दुसरा प्रश्न आपण ज्या सहजतेने विचारतो, त्या सहजतेविषयी आज थोडे लिहावयाचे आहे. विषय यंत्राचा आहे; तथापि वाचकांनी, विशेषतः माझ्या वयाच्या भगिनींनी, लगेच पान उलटू नये अशी विनंती आहे. मलाही यंत्रांचे फारसे प्रेम नाही. जे काही शिकले, ते ठेच लागल्यावर शिकले.

गेल्या फेब्रुवारीत भाचीच्या सोबतीस म्हणून माझे दिल्लीस जाणे झाले. संघ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा ती उत्तीर्ण झाली होती आणि मुलाखतीसाठी तिला शाहजहान मार्गावरील धोलपूर हाउसमध्ये बोलावणे आले होते. आम्ही कोपर्निकस मार्गालगतच्या एका लहानशा अतिथिगृहात उतरलो. दिल्लीस जाणाऱ्या मराठी माणसास हा रस्ता परका नाही. जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. एका टोकास मंडी हाउसचा चौक, त्याच्या आसपास दूरदर्शन भवन आणि कमानी सभागृह. दुसऱ्या टोकाकडे पतियाळा हाउसची न्यायालये आणि त्यापलीकडे इंडिया गेट. सकाळी फिरावयास निघावे, तर एकीकडे बस्ते सांभाळीत धावणारे वकील आणि दुसरीकडे संवाद पुटपुटत तालमीस निघालेली नाट्यविद्यालयातील मुले, असे मोठे मजेचे दृश्य दिसते.

खोलीत शिरताच मी सवयीप्रमाणे भिंतीवर चिकटविलेला वायफायचा कागद वाचू लागले. भाचीने माझा हात धरला. "आत्या, थांब जरा. आधी आपलं घर मांडू दे." असे म्हणून तिने पिशवीतून पत्त्यांच्या जोडाएवढी एक पांढरी डबी काढली, ती मोबाइलच्या साध्या चार्जरला जोडली आणि पाच-सात मिनिटे काहीतरी खटपट केली. डबीवरील दिवा स्थिर झाल्यावर ती म्हणाली, "आता तुझा मोबाइल उघड." पाहते तो काय, माझ्या मोबाइलने काही न विचारताच वायफाय धरले होते आणि त्या वायफायचे नाव होते आमच्या साताऱ्याच्या घरचे!

या डबीस प्रवासी राउटर म्हणतात. घरी भिंतीवर किंवा कपाटावर जो राउटर असतो, त्याचेच हे खिशात मावणारे धाकटे भावंड. ही माहिती मला त्या दिवशी नवी होती. ती मिळण्यापूर्वीची हकिकत मात्र जुनी आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही उभयता एका तीर्थक्षेत्री गेलो होतो. निवासस्थान स्वच्छ होते, माणसे भली होती. रात्री मोबाइलवर पाहिले, तर त्या निवासाच्या नावाची दोन वायफाय दिसत होती. एकास पासवर्ड होता, दुसऱ्यास नव्हता. ज्यास नव्हता ते मी धरले. कुलूप नसलेले दार दिसले की माणूस तेथूनच आत शिरतो. तत्काळ एक सुबक पान उघडले. त्यावर निवासाचे नाव, देवाचे चित्र आणि खाली लिहिलेले, की इंटरनेट सुरू करण्यासाठी आपला ईमेल व त्याचा पासवर्ड भरावा. मी भरला. इंटरनेटही सुरू झाले. दुसऱ्या दिवशी आम्ही दर्शनाच्या रांगेत असताना माझ्या नावाने चाळीस-पन्नास लोकांकडे पत्रे गेली, की मी प्रवासात अडचणीत सापडले आहे, अमुक खात्यावर पैसे पाठवा. बहुतेकांनी दुर्लक्ष केले. माझे धाकटे दीर स्वभावाने भोळे. त्यांनी ताबडतोब १२,००० रुपये पाठविले.

ते दुसरे वायफाय त्या निवासाचे नव्हतेच. जवळपास बसलेल्या कोणीतरी तेच नाव देऊन उघडलेले ते खोटे दुकान होते. निवासाच्या व्यवस्थापकांचा यात काडीचाही दोष नव्हता. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावयाचे असते, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकण्यापूर्वी ते अडविता आले तरच अडविता येतात. आम्ही मात्र लाजेपोटी दोन दिवस कोणास काही बोललोच नाही. पैसे गेले ते गेलेच. भाऊजींनी ते माझ्याकडून परत घेण्याचे साफ नाकारले आणि त्या दिवसापासून मी घराबाहेर मोबाइलवरून एकही व्यवहार करेनाशी झाले. विजेचे देयक भरावयाचे असले, तरी "घरी गेल्यावर पाहू." शाळेत पस्तीस वर्षे गणित शिकविलेल्या बाईस हा धाक शोभणारा नव्हता, पण होता खरा.

मुलाखतीस दोन दिवस अवकाश होता. संध्याकाळी दूरदर्शन भवनावरून चालत जाताना भाचीने मला या साऱ्याचे मर्म समजावून दिले. दिल्लीत दूरदर्शनचे पहिले प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाले. त्याची लहर आकाशात सोडली, की ज्याच्याकडे संच असेल त्या प्रत्येकाच्या घरी ती पोहोचते. सर्वांनी पाहावे हाच तिचा हेतू. वायफाय हीदेखील जातीने तशीच रेडिओलहर. ती आपल्या मोबाइलपुरती सरळ रेषेत जात नाही. भिंतीपलीकडे, जिन्यात, खालच्या चहाच्या टपरीवरही पोहोचते. तेव्हा प्रश्न लहर कोठे जाते हा नसून तिला कुलूप आहे की नाही, हा आहे. पासवर्ड नसलेल्या वायफायमध्ये मोबाइल आणि यंत्र यांच्यामधील हवेत बहुधा कसलेच कुलूप नसते. आणि भिंतीवर चिकटविलेला एकच पासवर्ड शंभर पाहुण्यांना ठाऊक असला, तर जुन्या पद्धतीच्या वायफायमध्ये तो ठाऊक असणारा जाणकार मनुष्य शेजाऱ्याची देवघेवही उलगडू शकतो. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए-३ या नव्या पद्धतीत ही उणीव दूर केलेली आहे. परंतु ती सर्वत्र पोहोचलेली नाही.

मग बँकेचे व्यवहार उघड्यावरच होतात की काय, असे मी घाबरून विचारले. तसे नाही. येथे भाचीने फार चांगली तुलना केली, ती वाचकांसाठी जशीच्या तशी देते. आजकाल बहुतेक संकेतस्थळे मजकूर बंद पाकिटातच पाठवितात. पत्त्याच्या आरंभी जी 'एचटीटीपीएस' अशी अक्षरे असतात, ती या पाकिटाची खूण. वाटेतील माणसास पाकिटावरील पत्ता, म्हणजे आपण कोणत्या बँकेकडे वा दवाखान्याकडे जात आहोत एवढे बहुधा दिसते. आतील मजकूर वाचता येत नाही. पंधरा वर्षांपूर्वी ही पाकिटे सर्रास वापरली जात नसत. २०१० साली तर शेजारच्या माणसाचे उघडे खाते एका टिचकीसरशी ताब्यात देणारे 'फायरशीप' नावाचे साधन निघाले होते आणि त्यामुळे मोठी खळबळ उडाली होती. तेव्हाची भीती आज जशीच्या तशी सांगत बसणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आजचा चोर सहसा पाकीट फोडीत नाही. तो स्वतःच पोस्टमनचा वेष करून दारात उभा राहतो.

आता डबीकडे वळू. अतिथिगृहाचे वायफाय घेते ती ही डबी. आपली सारी उपकरणे धरतात ती फक्त डबीला. ज्या कोपर्निकसचे नाव या रस्त्यास दिले आहे, त्याने पृथ्वीस मध्यावरून हलवून तेथे सूर्यास बसविले. भाचीनेही खोलीत तसाच फेरबदल केला होता. एरवी तिचा मोबाइल, माझा मोबाइल आणि तिचा लॅपटॉप हे तिन्ही परक्या जाळ्याभोवती स्वतंत्रपणे फिरले असते. आता ते आपल्याच डबीभोवती फिरत होते. बाहेरच्या जाळ्यास केवळ एक उपकरण दिसते. त्याच जाळ्यावरील दुसऱ्या पाहुण्याचा रोगट संगणक आमच्या लॅपटॉपचे दार ठोठावू लागला, तरी त्यास डबीच्या उंबरठ्यावरच अडविले जाते. शिवाय डबीस घरच्याच वायफायचे नाव आणि पासवर्ड दिलेला असल्यामुळे माझ्यासारखीस नवीन काही निवडावे लागत नाही. दोन नावांतून चुकीचे उचलण्याचा प्रसंगच येत नाही. माझ्या दृष्टीने हा लाभ सर्वांत मोठा.

परंतु येथेच एक गैरसमज होतो आणि विक्रेते तो दूर करण्याची घाई करीत नाहीत. नुसती डबी लावल्याने डबीपासून पुढचा मार्ग सुरक्षित होत नाही. अतिथिगृहाचे वायफाय कुलपाविना असेल, तर डबी आणि ते यांच्यामधील हवा पूर्वीइतकीच उघडी राहते. पाकिटे बंद असतात एवढाच दिलासा. हा पुढचा मार्गही झाकावयाचा असेल, तर डबीत व्हीपीएन चालू करावे लागते. पुन्हा टपालाचीच उपमा द्यावयाची, तर आपली सारी पाकिटे एका कुलूपबंद थैलीत घालून ती थैली एका ठराविक कचेरीकडे धाडावयाची. तेथे थैली उघडते आणि पाकिटे पुढे रवाना होतात. अतिथिगृहास केवळ थैली दिसते, पाकिटांवरील पत्तेही दिसत नाहीत. या कामासाठी आजकाल 'वायरगार्ड' ही पद्धत पुष्कळ वापरली जाते. २०२० साली ती लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाली. ती सुटसुटीत असल्याने अशा इवल्या यंत्रालाही झेपते.

आता थैली उघडणारी कचेरी कोणाची, हा प्रश्न गृहिणीने अवश्य विचारावा. कारण अतिथिगृहास न दिसणारे पत्ते त्या कचेरीस दिसतात. फुकट व्हीपीएन देणारा मनुष्य आपला खर्च कोठून भागवितो, याचा विचार केल्यास अर्धे उत्तर मिळते. आपल्याकडे सर्ट-इन या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरविणाऱ्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आदी माहिती पाच वर्षे जतन करावयाची आहे. त्यावर काही परदेशी कंपन्यांनी भारतातील आपली यंत्रे काढून घेतली. कोणाची बाजू बरोबर, हा वाद येथे नको. पण आपण ज्याच्या हाती थैली देतो त्यास आपण ओळखतो काय, एवढे पाहिलेच पाहिजे. सर्वांत उत्तम कचेरी म्हणजे आपले स्वतःचे घर. घरच्या राउटरमध्ये तशी सोय असली, तर दिल्लीतील थैली साताऱ्यास उघडता येते. माझ्या भाच्याने हाच बेत केला होता. त्यात अडचण अशी निघाली, की अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ घरांत वाटून देतात, त्यामुळे बाहेरून घराचे दार सापडतच नाही. स्वतंत्र पत्त्यासाठी त्यास निराळे शुल्क भरावे लागले. काही बँकांची ॲपे व्हीपीएन चालू असता उघडतच नाहीत, हीदेखील एक कटकट आहे.

कुलपाचा आग्रह केवळ आपल्या पैशासाठी धरावयाचा नाही. याविषयी आपल्या महाराष्ट्रातील एक गोष्ट विसरण्याजोगी नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे एक धमकीचा ईमेल आला होता. तपास करीत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईतील एका घरी. तेथील वायफायला कुलूप नव्हते. इमारतीच्या आसपास येऊन कोणीतरी ते वापरले आणि निघून गेले. घरात राहणाऱ्या परदेशी गृहस्थास दीर्घ चौकशीस तोंड द्यावे लागले. त्याचा कटाशी काही संबंध नसल्याचे पुढे स्पष्ट झाले. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, त्या वेळचा ईमेल मुंबईत चेंबूरच्या एका कचेरीचे वायफाय वापरून धाडलेला होता. कोपर्निकस मार्ग ज्या मंडी हाउसच्या चौकास मिळतो, त्याच चौकातून बाराखंबा मार्ग निघतो. त्या संध्याकाळचा एक स्फोट या बाराखंबा मार्गावर झाला. चौकात उभी राहून भाचीने हे सांगितले, तेव्हा मला क्षणभर काही सुचले नाही. मुंबईतील एका कचेरीचे उघडे दार आणि हा रस्ता! त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस उघडी वायफाय हुडकीत रस्तोरस्ती हिंडले, आणि त्याच वर्षी दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदविण्याविषयी सूचना काढल्या. आज रेल्वे स्थानकावर वा उपाहारगृहात वायफाय घेताना मोबाइलवर ओटीपी येतो, त्यामागे हा इतिहास आहे. ती नोंद आपल्या नावे असते. म्हणून आपली डबी शेजारच्या खोलीतील अनोळखी मुलास "काका, पाच मिनिटं द्या ना" म्हणताच देऊ नये, आणि तिचा पासवर्ड आपल्या जन्मतारखेसारखा भाबडा ठेवू नये.

डबी कोणती घ्यावी, याविषयी फार लिहीत नाही. ती काही हजार रुपयांस मिळते, पॉवर बँकेवरही चालते. भारतात वापरण्याची रीतसर मान्यता असलेलीच घ्यावी. घेतल्यावर कारखान्याने दिलेला प्रशासकीय पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. २०१६ साली 'मिराई' नावाच्या रोगाने जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले, ते केवळ हे मूळचे पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. आतील आज्ञावली अधूनमधून अद्ययावत करावी लागते, हेही ध्यानात ठेवावे. आणि एक खुबी. अतिथिगृहाचे ओटीपी मागणारे पान व्हीपीएन चालू असता बहुधा उघडत नाही. ते आधी उरकावे, मग व्हीपीएन चालू करावे. नवखी माणसे येथेच अडकतात आणि यंत्र बिघडले म्हणून परत करतात.

आणि खरे सांगावयाचे, तर प्रत्येक कुटुंबास ही डबी लागतेच असे नाही. एक-दोन दिवसांचा प्रवास असेल, मोबाइलला सिग्नल चांगला असेल, तर आपल्याच मोबाइलचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप जोडावा. परक्या वायफायच्या वाटेस जाण्याचे कारणच उरत नाही. आपल्या देशात मोबाइलचे इंटरनेट इतके स्वस्त आहे, की हीच वाट बहुतेकांस पुरेशी आहे. डबीचा खरा उपयोग दीर्घ मुक्कामात. घरातील कोणी आजारी असून उपचारासाठी महिना-दोन महिने परगावी राहावे लागते. किंवा जाड भिंतींच्या जुन्या इमारतीत मोबाइल मुका होतो. किंवा चार-पाच माणसांची डझनभर उपकरणे असतात, अशा वेळी ती घरच्यासारखी उपयोगी पडते. मी भाचीस अगदी सरळ विचारले, "त्या वेळी ही डबी माझ्याकडे असती, तर मी फसले नसते का?" ती घटकाभर थांबली. "आत्या, तुला ते खोटं नाव दिसलंच नसतं, हे खरं. पण डबी जोडताना मीच ते उचललं असतं आणि ते पान समोर आलं असतं, तर? वायफाय देणाऱ्याला आपल्या ईमेलचा पासवर्ड कशाला हवा? हा प्रश्न डबी नाही विचारत."

मुलाखतीच्या दिवशी ती सकाळीच धोलपूर हाउसला गेली. मी खोलीत एकटी. डबीवरील दिवा स्थिर होता. मी प्रथम घरचे विजेचे देयक भरले. पावती आली. मग, का कोण जाणे, धीर आला आणि मी भाऊजींच्या खात्यावर १२,००० रुपये पाठविले. सोबत दोन ओळींचा संदेश, की आता नाही म्हणू नये.

पाचव्या मिनिटाला त्यांचा फोन. आवाज करडा. "कोण बोलतंय?"

"अहो भाऊजी, मी. वहिनी."

"वहिनींच्या नावाने पूर्वीही एकदा संदेश आला होता. आमच्या लग्नात काय बिघडलं होतं ते सांगा, मग पुढचं बोलू."

"जिलबीचा पाक," मी म्हटले. "आणि तो तुम्हीच बिघडवला होतात."